जुना ओटा आणि आईची उंची

मंडळी, आज आमच्या घरी स्वयंपाकाचा ओटा बसला. नवा नाही. जालन्यातल्या एका घरातून निघालेली ग्रॅनाइटची फरशी आणि तिच्याखालची प्लायची कपाटं.

आईचे गुडघे आता तिला खाली बसू देत नाहीत, म्हणून आणला. तिथून काढण्याआधी मी टेपने लांबी, रुंदी, उंची चारदा मोजून कागदावर लिहून घेतली होती. सकाळी तो कागद मिस्त्रीमामांच्या हातात दिला.

"ही उंची कोणाची?" त्यांनी विचारलं.

"त्या घरची. होती तशीच लिहिली."

"मंग पोळ्या लाटायला त्याच बाई येणार हायेत का?"

मामांनी आईला हाक मारली. "माय, इथं उभं राहून पोळी लाटा बरं."

"कशावर लाटू? वाऱ्यावर?"

"लाटा तर खरं."

आई हसत हसत हवेतच लाटायला लागली. मामांनी तिच्या कोपराच्या जरा खाली भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली. माझ्या मापापेक्षा ती तीन इंच खाली आली. कपाटांचे पाय तेवढे कापताना जुनं प्लाय फुटेल, या भीतीने मी दुसरीकडे बघत होतो. फुटलं नाही.

संध्याकाळी आईने सगळ्या पोळ्या उभ्याने केल्या, एकदाही भिंतीला न टेकता. मिस्त्रीमामा, तुमचे उपकार मी विसरणार नाही.

तुमच्या घरचा ओटा बांधताना, त्याच्यापुढे रोज उभं राहणारीला कोणी उंची विचारली होती का? आज घरी विचारून बघा.