मास्तरांच्या पेनाची रिफिल

बोटांना शाई लागली की त्या वासाबरोबर मला सुभाष रोडवरचा तो दुकानदार आठवतो आणि अजून डोकं तापतं. मळमड्डीतले एक मास्तर वारल्यावर त्यांच्या बायकोने सामान विकायला काढलं, त्यात मला त्यांचं परदेशी शाईचं पेन मिळालं. त्याला बाजारातली कुठलीच रिफिल बसेना. एक आत जायची नाही, दुसरी जायची आणि गळायची. शेवटी या दुकानात गेलो. आत उदबत्तीचा आणि नव्या वह्यांचा कोंदट वास होता. दुकानदाराने टोपण काढून निब पाहिलं, मग मला पाहिलं. "मळमड्डीच्या मास्तरांचं ना हे?" मी हो म्हणालो. या पेनाच्याच कंपनीच्या रिफिलींची डबी मागच्या फळीवर मला दिसत होती. "कोडंगिल्ल," तो कानडीत म्हणाला, आणि नीट बोचावं म्हणून पुन्हा मराठीत म्हणाला, "देणार नाही. भर दुकानात मला अडाणी म्हणाले होते ते." "अहो अण्णा, ते वारले." "मग काय झालं?" "पेन आता माझं आहे." "पेन तुमचं असेल, रिफिल माझी आहे." असं म्हणून त्याने ती डबी उचलून गल्ल्याखाली सरकवली. मग मीही चार गिऱ्हाइकांदेखत त्याला अडाणीच म्हणालो. पेनात मास्तरांचीच रिकामी रिफिल होती, तीत मी आजही इंजेक्शनच्या सुईने शाई भरतो. ती गळते, शर्ट खराब होतात. तरी सुभाष रोडला जाताना ते पेन खिशाला लावतो, त्याला दिसेल असं.