रंगरावाच्या सुनेची फेरी

मेहकरच्या जुन्या गावात नवी सून आली, की तिला घरोघर फिरवून आणायचं काम तानाबाईचं. तानाबाई माळ्याची. नवरा शेषराव दम्यानं अंथरुणाला खिळलेला, आणि दोघांचं बिऱ्हाड रंगरावाच्या मळ्यातल्या खोलीत. वांग्या-मेथीला पाणी द्यायचं, नवऱ्याचं करायचं आणि कुणाकडं लग्न झालं की सुनेच्या पुढं चालायचं. एरवी तिला कुणी ओटीवर बसही म्हणत नसे, पण त्या दिवशी ती पुढं असली की वेशीच्या आतली सारी दारं उघडत. माळीपुऱ्यात सुनेच्या ओटीत भाजी पडे, जैनगल्लीत गूळ-खोबरं. मणियाराकडं हिरवा चुडा भरला जाई आणि मोमीनपुऱ्यात हातमागावरचा खण मिळे. ज्या घरी सून अशी जाऊन आली, त्या घराशी सुखदुःखाचं नातं. जिथं नेली नाही, तिथलं जाणंयेणं संपलं, असं दोन्हीकडचे लोक धरून चालत.

महाराष्ट्र होऊन तीनेक वर्षं झाली असतील. रंगरावाच्या मुलाचं लग्न झालं. सून शालू दुसरबीडची. फेरीच्या सकाळी रंगरावानं तानाबाईला बोलावलं.

"मणियाराच्या घरी न्यायचं नाही."

बांधाच्या भांडणात गफूर मणियारानं बुलढाण्याच्या कोर्टात रंगरावाच्या विरुद्ध साक्ष दिली होती. तानाबाईला ते ठाऊक होतं, तरी तिनं चाचरत विचारलं, "मालक, मंग फेरी कशी होईन?"

"तुले काय करायचं? तिकडं पाय वळला तं मळ्यातली खोली खाली कर."

आणि नजर ठेवायला त्यानं आपली थोरली बहीण वच्छलाबाई सोबत दिली.

माळीपुऱ्यात बायांनी थट्टा मांडली. "काऊन वं तानामाय, सून हासून राह्यली अन् तूच रडक्या तोंडाची? नवरी तू आहे का ती?" तानाबाई उगाच हसली. जैनगल्लीत शेठाणीनं ओटी भरता भरता विचारलं, "आता मणियाराकडंच ना?" तानाबाईनं वच्छलाबाईकडं पाहिलं आणि नुसतीच मान हलवली. ती हो होती की नाही, हे शेठाणीलाही कळलं नाही.

पुढं कडुलिंबापाशी वाट फुटते. उजवीकडं मणियाराचं घर, डावीकडं मोमीनपुरा. गफूरनं अंगणात सडा टाकलेला होता. तो ओट्यावर बांगड्यांची माळ मांडीवर घेऊन बसला होता, नजर वाटेवर. तानाबाई डावीकडं वळली. खण घ्यावा, मागल्या बोळानं घरी जावं, कोण विचारतंय, असं तिनं मनाशी धरलं होतं. गफूरकडं तिनं पाहिलं नाही. पण तो पाहत असणार, हे तिच्या पाठीला कळत होतं.

मोमीनपुऱ्यात हाजराबी खण हातात घेऊन दारातच उभी होती. तिनं शालूचे हात धरले, उलटेपालटे करून पाहिले.

"अगे तानाबाई, ये तो मायकेच्या बांगड्या हायेत. गफूरकडून नाही आली?"

"जातो ना मंग."

"मंग? चुडा पाहिल्याबिगर आमच्या घरून खण गेला का कधी? ह्याच रंगरावच्या मायले माह्या सासूनं हात पाहूनच दिला होता."

हाजराबी खण घेऊन आत गेली. इतक्या सुना फिरवल्या, आणि मोमीनपुऱ्यात आधी हात पाहतात हे भीतीपोटी तानाबाईच विसरली होती. आळीतले माग थांबले होते. दारादारांत माणसं उभी होती.

"चाल घरी," वच्छलाबाई म्हणाली. "खण नाही तं नाही."

घरी जायचं म्हणजे आता एकट्या मणियाराचं दार बंद होणार नव्हतं, अख्खी आळी तुटणार होती. आणि मणियाराकडं वळलं, तर शेषरावाला कुठं निजवायचं? तानाबाईनं शालूचं मनगट धरलं.

"चाल पोरी, चुडा भरू."

"तानाबाई, खोली जाईन बरं!"

"गेली तं गेली, वच्छलाताई."

गफूर ओट्यावरून उठला नाही. "रंगरावनं धाडलं का?"

"नाही. म्या आणलं."

"मंग नाही भरत. उद्या तो म्हणंन, मणियारानं जबरीनं भरल्या. कोर्टाची एक पायरी पुरे झाली मले."

वच्छलाबाई अंगणाबाहेरच उभी होती. तेवढ्यात शालूच खाली बसली आणि हात पुढं केला.

"भरा मामा. जबरी मीच करून राह्यली, असं सांगजा. फक्त हात दाबू नका, दुखते."

गफूरच्या मिशीत हसू आलं न आलं. त्यानं हात धरला. आज एक जरी बांगडी वाढली, म्हणजे फुटली असती, तर गावानं वर्षभर तेच चघळलं असतं. दुसरीच बांगडी अंगठ्यापाशी अडली. तानाबाईनं डोळे मिटले. गफूरनं बांगडी काढली, शालूचा पंजा हळूहळू चोळून नरम केला आणि पुन्हा सारली. गेली. मग बाकीच्याही गेल्या.

"वच्छलाताई, उन्हात काऊन उभ्या? आत या," तो म्हणाला.

"मी इथंच बरी," ती म्हणाली, पण तिथून हलली नाही.

चुडा पाहून हाजराबीनं खण दिला. घरी रंगरावानं सुनेचे हात पाहिले आणि बहिणीवर डोळे वटारले.

"अक्का, तुले कशाले धाडलं होतं?"

"पाह्याले. पाह्यलं ना मी. एकही वाढली नाही."

रंगराव तानाबाईकडं वळला. "खोली खाली कर."

अक्कानं भांडून पाहिलं, त्यानं ऐकलं नाही. माळीपुऱ्यात तानाबाईच्या भावाच्या गोठ्याला लागून एक पडवी होती, शेषरावाला बैलगाडीत घालून तिथं नेलं. पावसाळ्यात पडवीला ओल आली आणि त्याचा दमा बळावला.

शालूला दिवस गेले. डोहाळजेवणाचा चुडा भरायला गफूर रंगरावाच्या ओसरीवर आला, तेव्हा रंगराव मळ्याकडं निघून गेला, पण त्यानं कुणाला अडवलं नाही. तानाबाईलाही बोलावणं होतं. ती गेली नाही. शेषरावाला एकटं टाकून उठण्यासारखं आता राहिलं नव्हतं.