तिसरा कॉक

इवोर पॅरीला पुरलं त्या दिवशी डोंगरावर एवढं धुकं होतं की चॅपेलपासून कबरीपर्यंत लोक एकमेकांच्या कोटाला धरून चालले. त्याची बायको एलुनेद सगळ्यांच्या पुढे होती. ती रडली नाही. परत येताना मला एवढंच म्हणाली, "थंडीच्या आधी टाकीचे कॉक फिरवायचे राहिलेत. दर वर्षी तोच फिरवायचा."

खालच्या गावातल्या दुकानाची गाडी मी चालवायचे. बंद पडलेल्या खाणीच्या रस्त्याला अगदी वर दोनच घरं होती, मधल्या भिंतीने जोडलेली. एकात इवोर आणि एलुनेद. दुसरं इवोरच्या भावाचं, हेविनचं. त्याच्या खिडक्यांना फळ्या ठोकून तीस वर्षं होऊन गेली होती.

दफनानंतरच्या आठवड्यात मी पाव आणि दूध घेऊन गेले. टेबलावर दोन कप मांडलेले होते. दुसरा माझाच समजून मी बसले, तर तिने फळीवरून तिसरा काढला. माणूस गेल्यावर हाताची सवय लगेच जात नाही.

चहा ओतता ओतता ती थांबली. "ऐक."

वर माळ्यावर सूंऽऽ असा बारीक आवाज येत होता. मग पाण्यात पाणी पडल्याचा.

"टाकी भरतेय," मी म्हणाले.

"मी सकाळपासून नळाला हात लावलेला नाही."

"मग कुठे गळत असेल."

"चार वाजलेत," ती म्हणाली. "तो याच वेळेला कामावरून येऊन हातपाय धुवायचा. त्याचं धुऊन झालं की वर टाकी भरायला लागायची. लग्न झाल्यापासून ऐकतेय मी हा आवाज."

हे तिने घाबरून सांगितलं नाही. दुसरा कप भरला, बशी त्याच्यावर झाकली, आणि मला विचारलं, "बिस्किटं आणलीस का?"

पुढे प्रत्येक खेपेला तेच. मी गेले की दोन कप, वर आवाज, आणि एलुनेदचा चेहरा एकदम निवलेला. एकदा मीच म्हणाले, "अगं, मर्विनला बोलावू का? बघून जाईल टाकी."

"कशाला? बिघडलंय कुठे काय?"

पण डिसेंबरात बिघडलंच. जादा पाण्याची नळी बाहेर ठिबकायला लागली आणि पायरीवर बर्फाचा थर साचला. त्यावरून घसरून माझाच हात मोडता मोडता वाचला, तेव्हा मी तिला न विचारता मर्विनला गाडीत घालून वर नेलं. मर्विन नळकाम करायचा आणि तोंडाने गप्प बसायचा नाही. माळ्यावर चढला आणि वरूनच ओरडला, "एलुनेद, तुझ्या टाकीला जेवढं पांघरूण आहे तेवढं माझ्या बायकोलाही नाही गं!"

"टाकीच्या खाली मात्र काही घातलेलं नाही ना?" ती खालून म्हणाली. "तिथे उघडंच ठेवायचं. घराची ऊब खालून लागते, म्हणून पाणी गोठत नाही. इवोर सांगायचा."

मर्विनने झिजलेला वायसर बदलला, पाणी उतरलं की खाली येऊन टाकी भरायला लावणारा फुगा साफ केला. मग एकेक कॉक फिरवून बघू लागला. एक गरम पाण्याच्या बंबाकडे जाणारा, एक न्हाणीघराकडे.

"आणि हा तिसरा कुठे जातो?"

एलुनेद शिडीच्या पायाशी गेली. "तिसरा नाहीये."

"आहे की. लोकरीच्या खाली झाकलाय. पाइप भिंतीतून पलीकडे गेलाय. वंगण लावलेलं दिसतंय, लोण्यासारखा फिरतोय."

ही दोन्ही घरं इवोरच्या बापाने बांधली, तेव्हा टाकी एकच बसवली होती. हेविन निघून गेल्यावर त्याच्या घराचा सरकारी नळ तोडला, पण वरून जाणारं हे पाणी तसंच राहिलं होतं. इवोरने बायकोला कधी सांगितलं नाही. दर वर्षी तिन्ही कॉक फिरवायचा, अर्धा आटा मागे घ्यायचा म्हणजे जाम होत नाहीत, आणि खाली येऊन हात पुसायचा.

"रिकाम्या घराला पाणी कशाला?" मर्विन म्हणाला. "तिकडे पाइप फुटला असणार. म्हणून तुझी टाकी आपोआप भरते." त्याने तिसरा कॉक बंद केला.

शुक्रवारी मी गेले तेव्हा घरात आवाज म्हणून नव्हता. दोन्ही कप कोरडे. एलुनेद कोट घालून खुर्चीत बसलेली.

"गेला तो," ती म्हणाली.

"कोण गं?"

"परवापासून एकदाही आला नाही. मर्विनने घालवला." मग उठली. "शिडी धर."

या वयात वर चढू नकोस असं म्हणायचं माझ्या ओठावर होतं, पण तिचं तोंड बघून मी शिडी धरली. ती वर गेली. कॉकचा आटा फिरल्याचा आवाज आला.

आणि लगेच पाणी वाहू लागलं. टाकीत नाही, भिंतीच्या पलीकडे. पत्र्याच्या बादलीत पडावं तसं. दोघींनी ऐकलं. मग पलीकडे नळ फिरल्याचा करकर आवाज झाला आणि पाणी थांबलं.

एलुनेद एकेक पायरी चाचपत खाली आली. फुटका पाइप नळ बंद करत नाही, हे कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती.

पलीकडच्या घराचं मागचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत विस्तव नाही, दिवा नाही. चुलीजवळ एक म्हातारा तीन-चार घोंगड्या अंगावर घेऊन बसला होता, पायाशी बादली. मान अगदी इवोरसारखी. आम्हाला बघताच त्याने घोंगडी तोंडावर ओढली.

"हेविन," एलुनेद म्हणाली.

"जा तू," घोंगडीआडून तो म्हणाला. "बघू नकोस."

यांचं काय झालं होतं ते खाली गावात सगळ्यांना माहीत होतं. एलुनेदला एकच मुलगा, गेथिन. हेविन त्याला तळ्यावर होडीतून घेऊन गेला आणि एकटा परत आला. तेव्हा ती त्याला म्हणाली होती, पुन्हा मला तोंड दाखवू नकोस. तो बोटीवर कामाला गेला, तो गेलाच.

"दफनाला आलो होतो," तो म्हणाला. "धुक्यात मागे उभा होतो. परत जायला पाय निघेना. तू म्हणाली होतीस तोंड दाखवू नकोस. म्हणून धूर केला नाही, दिवा लावला नाही."

"आणि पाणी?"

"पाणी येईल असं वाटलंच नव्हतं. नळ फिरवला तर आलं. तीस वर्षं त्याने माझं पाणी बंद केलं नाही, एलुनेद."

ती त्याच्याजवळ गेली. मला वाटलं आता मारेल किंवा जवळ घेईल. दोन्हींतलं काहीच तिने केलं नाही. बादली उचलून पाणी मोरीत ओतलं आणि म्हणाली, "हे उकळल्याशिवाय पिऊ नकोस. टाकीत पाखरं पडतात." मग मला म्हणाली, "गाडीत कोळसा आहे ना? आण."

तिने त्याला माफ केलं का, मला सांगता येणार नाही. दुपारचं जेवण त्याला भिंतीपलीकडे पोचायचं, पण टेबलावर बोलावलं ते वसंतात. एकदा मी होते. हेविन काडीसारखा वाळलेला, सूप पीत होता. ती सहज म्हणाली, "तुझं ते चारचं पाणी. मी खुळी, इवोर समजून चहा ओतायचे."

हेविनने चमचा खाली ठेवला. "चारला? मी पहाटे भरून घ्यायचो, तू झोपेत असताना. दिवसा नळाला हात लावला नाही मी. तुला ऐकू गेलं असतं."

मी मर्विनला विचारलं. तो म्हणाला, फुग्याचा दांडा घासून अडकत असेल. पहाटे पाणी गेलं तरी तो खाली यायला दुपार होत असेल. शक्य आहे. एलुनेदला सांगितलं तर ती म्हणाली, "मर्विनला टाकीतलं कळतं," आणि दुसरीकडे बघू लागली.

हेविन दोन हिवाळे जगला. दोन्ही वर्षी ते दोघं मिळून माळ्यावर गेले. मी खाली असायचे, वरून त्यांचं बोलणं पुसट ऐकू यायचं. एकदा गेथिनचं नाव ऐकलं. त्याआधी त्या घरात ते नाव मी कधी ऐकलं नव्हतं. हेविनची कबर तिने इवोरच्या शेजारी खणायला लावली. मर्विनने विचारलं, आता तो पाइप कापून टाकू का? ती नको म्हणाली.

गेल्या ऑक्टोबरात कॉक फिरवायची वेळ आली तेव्हा मी होते. ती वर चढायला लागली, मी धावत जाऊन शिडीला हात घातला.

"सोड गं," ती वरून म्हणाली. "धरलेली आहे."

मी हात काढले. शिडी जराही हलली नाही. वर तिन्ही कॉक एकामागून एक फिरल्याचं ऐकलं, प्रत्येक वेळी तो अर्धा आटा मागे. खाली येऊन तिने हात पुसले आणि पाव कालचा आहे का आजचा, ते विचारलं.