बसलं का, मित्रा?

'धक्का बसला' असं सगळे म्हणतात. संघमित्रा गेल्याचं कळलं तेव्हा चाकणला आमच्या कंपनीत पहिल्या शिफ्टचा चहा चालू होता आणि मी टूलरूममधल्या पोरांना एका लग्नात नवरदेवाचा फेटा पंख्यात कसा अडकला ते सांगत होतो, फेट्याच्या अभिनयासकट. फोन वाजला. तिच्या कॉलेजातल्या एक बाई होत्या. वर्गात शिकवता शिकवता ती कोसळली, मेंदूत रक्तस्राव झाला, दवाखान्यात नेईपर्यंत... मी 'बरं' म्हणालो. फोन खिशात ठेवला आणि फेट्याची गोष्ट पुरी केली. पोरं हसलीही. नंतर पुष्कळांनी मला म्हटलं, तुम्हाला केवढा धक्का बसला असेल. मी मान हलवतो. खरं सांगायचं तर तो अजून बसलेला नाही. तो आलाय, दारात उभा आहे, पण चपला काढत नाही आणि आत येऊन बसतही नाही.

आम्ही पिंपरीतल्या कामगार वसाहतीत एकाच भिंतीच्या अल्याड-पल्याड वाढलो. तिचे वडील लातूरकडून आलेले, कारखान्यात फिटर. त्यांना सगळी वसाहत अण्णा म्हणायची. त्यांनी मुलीचं नाव संघमित्रा ठेवलं आणि आम्ही आळशी लोकांनी त्याचं मित्रा केलं. त्यामुळे व्हायचं असं, की तिच्याशी कचाकचा भांडणारासुद्धा तिला 'ए मित्रा' म्हणूनच भांडायचा, आणि अशा भांडणात फारसा दम राहायचा नाही. ती मला नाटक्या म्हणायची. माझं नाव दिलीप आहे हे तिला बहुधा आठवतही नसावं. मला गोष्ट सांगायची तर उभं राहावं लागतं, हात लागतात, जागा लागते. ती दर दोन वाक्यांना टोकायची, "बस की जरा. गोष्ट बसूनही सांगता येते." मी म्हणायचो, "बसून सांगतात ती तक्रार." पुढे ती औषधनिर्माणशास्त्र शिकली आणि निगडीकडच्या एका कॉलेजात शिकवायला लागली. मी साचे बनवणाऱ्या टूलरूममध्ये चिकटलो आणि सुट्टीच्या दिवशी लोकांच्या लग्नांत, वाढदिवसांत सूत्रसंचालन करू लागलो. म्हणजे पगार घेऊनही उभाच, आणि हौस म्हणूनही उभाच.

अण्णांच्या हाताचं पहिल्यांदा तिच्याच लक्षात आलं. निवृत्तीनंतर बापलेक दोघं चऱ्होलीला नव्या सोसायटीत राहायला गेले होते. एके दिवशी सकाळी कप बशीवर वाजत होता, आणि अण्णा वर्तमानपत्र वाचत असल्यासारखं दाखवत होते. कंपवात. आयुष्यभर ज्या हातानं लोखंडाला लोखंड बेमालूम जुळवलं, तो उजवा हात ते डाव्या हाताखाली दाबून बसायला लागले. मित्रानं त्या आजाराचं प्रथिनच अभ्यासाला घेतलं. मला तिनं समजावलं ते असं. मेंदूच्या पेशींत एक प्रथिन असतं. सुटं असतं तेव्हा ओल्या सुतळीसारखं लवचिक, त्याला ठाम असा आकारच नाही. मग कधीतरी त्या सुतळ्या एकमेकींत अडकतात, गाठी होतात, आणि त्या गाठी पेशींना जड जातात. झाडापाल्यात, मसाल्यात जे बारीक बारीक घटक असतात, त्यांतला एखादा त्या गाठीच्या खाचेत जाऊन बसला, तर गाठ वाढायची थांबेल का, हे ती आधी संगणकावर आणि मग प्रयोगशाळेत बघत होती. हळदीतला पिवळा घटक, चहातला, द्राक्षाच्या सालीतला... एकेकाला ती पडद्यावर त्या खाचेशी नेऊन सोडायची. ती कॉलेजातून घरी आली की अण्णांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "बसलं का?" आणि तिचं उत्तरही ठरलेलं. "बसतंय अण्णा. टिकत नाही."

हे त्या दोघांचं चाललं होतं, आणि त्यात कशाची शर्यत आहे हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. अण्णांच्या हातानं चमचा सोडायच्या आत काहीतरी हाती लागावं. मी एकदा तसं बोलून दाखवलं तर ती शांतपणे म्हणाली, "नाही लागणार. अशा कामाला माणसाचं अख्खं आयुष्य पुरत नाही. पण ते विचारतात ना रोज, मग मला रोज काहीतरी सांगता आलं पाहिजे."

सोसायटीत मात्र भलतंच पसरलं. कुणीतरी ग्रुपवर टाकलं की आपल्या मॅडमनी हळदीत कंपवाताचं औषध शोधलं. मग काय. लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, भाजीच्या गाडीपाशी, बायाबापड्या तिला गाठायला लागल्या.

"मॅडम, हळद किती घ्यायची?"

"भाजीत घालता तेवढी."

"पण ती त्या प्रथिनावर बसते म्हणे."

"बसते ना. पाहुणा येऊन सोफ्यावर बसला म्हणजे घरातली भांडी घासायला लागला का?"

हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे, आणि पुढे कितीतरी कार्यक्रमांत माझंच वाक्य म्हणून खपवलं आहे. तिचं म्हणणं साधं होतं. बसणं वेगळं आणि बरं करणं वेगळं. आणि हळदीतला तो पिवळा घटक तर कुठेही जाऊन बसतो, शिवाय पोटातून रक्तात धड पोचतही नाही. "तुझ्यासारखा आहे तो," ती मला म्हणायची. "सगळ्या लग्नांत हजर, घरचा कुणाचाच नाही."

कॉलेजात शाळेच्या मुलांसाठी एक प्रदर्शन होतं. तिला त्या खाचेची हातात धरण्याजोगी प्रतिकृती हवी होती. तिनं आकार पाठवला आणि मी म्हटलं, हे तर आमचंच काम. पोलादाचा ठोकळा घेतला, खाच कोरली, आणि हळद पिवळी म्हणून त्या घटकाचा तुकडा पितळेचा केला. निळा रंग लावून कुठे टेकतंय ते तपासत, घासत, पुन्हा तपासत असा बसवला की दोघांच्या मधून केस जाऊ नये. चऱ्होलीला नेऊन तिच्या आणि अण्णांच्या समोर, जादूगारासारखी बाही वर करून, तो तुकडा खाचेत सरकवला. टक असा आवाज झाला. अण्णांनी मान डोलावली. मित्रा म्हणाली, "आता काढ." तो निघेना. मी ओढला, आपटला, शेवटी तिच्या स्वयंपाकघरातला बत्ता आणला. ती हसून हसून खुर्चीतच आडवी झाली. "नाटक्या, ह्याला औषध नाही म्हणत. ह्याला खिळा म्हणतात." आम्हा लोखंडवाल्यांचं हेच होतं. बसणं म्हणजे हलू न देणं. ती म्हणाली, पेशीच्या आत असं काहीच नसतं. तिथं सगळं मऊ असतं, श्वास घेतल्यासारखं हलत असतं. खाच थोडी सरकते, पाहुणा थोडा वळतो, मग जमतं.

मग मी त्याच मापाचा मऊ रबराचा ठोकळा करून आणला. आता गंमत अशी की माझ्या स्थिर हातानं तो पितळी तुकडा आत जाईच ना. सरळ दाबला की रबर त्याला परत ढकलायचं. "अरे, हलव जरा," ती म्हणाली. "त्या कणाला चहूबाजूंनी पाण्याचे धक्के बसत असतात. तो सारखा थरथरत असतो, म्हणून तर त्याला जागा सापडते. नुसता ताठ उभा राहिला असता तर जन्मात बसला नसता." तिनं बोटांनी तुकडा थोडा थरथरवला, आणि तो निवांत आत गेला. तिनं ठोकळा अण्णांपुढे धरला. अण्णांनी हात बाहेर काढला नाही. "नको," ते म्हणाले. "माझ्यानं बसना गेलं तर?" प्रदर्शन झाल्यावर तो ठोकळा तिनं खिडकीत, अण्णांना खुर्चीतून दिसेल असा ठेवून दिला. तिथेच राहिला.

ती गेल्यावर पिंपरीच्या विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. बोलायचं मीच, हे कुणी ठरवावं लागलं नाही. माइक माझ्या हातात आपोआप आला. समोर वसाहतीतली सगळी माणसं, पांढरे कपडे, पहिल्या रांगेत अण्णा. माझ्याकडे तिच्या इतक्या गोष्टी आहेत की तीन कार्यक्रम भरतील. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "सर्वांनी कृपया बसून घ्यावं." सगळे आधीच बसले होते. मी पुन्हा म्हणालो, "बसून घ्यावं." मग माइक शेजारच्याला दिला. रडू येत होतं म्हणून नव्हे. काहीच येत नव्हतं. दात काढल्यावर गालाला हात लावला तर तो दुसऱ्याचा वाटतो, तसं सगळं होतं.

परवा दुपारी चऱ्होलीला गेलो. मित्राची धाकटी बहीण सुजाता लातूरहून आली आहे. ती अण्णांना घेऊन जाणार, घर बंद होणार. "अण्णा तेव्हापासून बोलनाच गेलेत दादा," तिनं दारातच सांगितलं. "जेवण दिलं की जेवतात, बस." आत अर्धं सामान बांधून झालं होतं. अण्णा खुर्चीत, उजवा हात डाव्याखाली. मित्राची खुर्ची रिकामी होती, तरी मी सवयीनं उभाच राहिलो. वाटलं, एखादी गोष्ट सांगावी. फेट्याची सुद्धा सुरू करून बघितली. नवरदेव मांडवात आला, एवढ्यावर ती संपली.

खोक्यात भरायला म्हणून सुजातानं खिडकीतला ठोकळा उचलला, तेव्हा अण्णा बोलले. "दे इकडं."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी ठोकळा घेऊन त्यांच्या मांडीवर ठेवला, पितळी तुकडा काढून पुढे धरला. तो घ्यायला त्यांनी उजवा हात बाहेर काढला. किती दिवसांनी मी तो हात उघडा बघत होतो... कंप वाढला होता. तुकडा रबराच्या कडेवर थडथडत राहिला, या बाजूला घसरला, त्या बाजूला घसरला. माझे हात पुढे गेले. मी ते पाठीमागे धरले. अण्णा दाबत नव्हते. त्यांना दाबता येतच नव्हतं. हात आपला थरथरत होता आणि त्याच्याबरोबर तो तुकडा खाचेच्या तोंडाशी फिरत होता, आणि मग कुणी काही न करता तो आत सरकला.

अण्णांनी त्यावरून अंगठा फिरवला, जोड कळतोय का बघायला फिटर फिरवतात तसा.

मी विचारलं, "बसलं का?"

"बसलं," ते म्हणाले. मग मान वर केली. "तिला सांगायचं ऱ्हाऊन गेलं."

सुजाता आत निघून गेली. मी तसाच खांबासारखा उभा होतो. अण्णांनी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट केलं, त्याच हाताचं.

"बस की जरा," ते म्हणाले.

मी बसलो. आणि इतके आठवडे दारात उभा असलेला तो धक्काही मग आत आला.