मेंढपाळांचं गाणं

आई गेली तेव्हा मी सतरा वर्षांची होते. दोन वर्षांनी बाबांनी दुसरं लग्न केलं, तेव्हाच मी ठरवून टाकलं होतं की घरात येणाऱ्या या बाईंना मी आई म्हणणार नाही. त्या नगरकडच्या, ऐन तारुण्यात विधवा झालेल्या, प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या. शाळेतली मुलं त्यांना बाई म्हणत, म्हणून मीही बाईच म्हणायला लागले. बाबांना ते खटकायचं. बाईंनी मात्र ते हसण्यावारी नेलं. हाक मारतेय ना, तेवढं पुरे, असं त्यांनी बाबांना सांगितल्याचं मी स्वतः ऐकलं होतं.

आम्ही खडकीला कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो. बाबा दारूगोळ्याच्या कारखान्यात फिटर होते आणि रविवारी चर्चच्या गायनमंडळात गायचे. आई तर त्यांच्याहूनही चांगली गायची. तिची एक निळ्या पुठ्ठ्याची वही होती. तिच्यात तिने गीतं स्वतःच्या हाताने उतरवली होती आणि श्वास कुठे घ्यायचा तिथे बारीक टिंब दिलं होतं. त्यातलं एक गीत तिच्या वडिलांनी रचलेलं होतं, ओवीच्या चालीवरचं. बाळ येशूला बघायला निघालेल्या मेंढपाळांचं. चर्चच्या गीतांत ते नव्हतं. ते फक्त आमच्या घरी, नाताळच्या सकाळी गायलं जायचं. आई गेल्यावर ते कोणी गायलं नाही, आणि कोणी गावं असं मला वाटतही नव्हतं.

बाईंचा आमच्याकडचा तो दुसरा नाताळ. डिसेंबर लागला आणि पहिल्याच आठवड्यात बाबा कारखान्यात पडले. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. ओळखायचे सगळ्यांना, पण तोंडून नुसता घोगरा आवाज निघायचा, आणि तो त्यांचा त्यांनाच ऐकवायचा नाही. मग ते भिंतीकडे तोंड फिरवून पडून राहायचे. दवाखान्यात आमच्या पाळ्या ठरल्या. सकाळी बाई, दुपारनंतर मी. दारात डबा आणि धुतलेले टॉवेल यांची अदलाबदल व्हायची, औषध दिलं की नाही एवढं बोलणं व्हायचं, की एक आत आणि एक बाहेर. शेजारच्या क्वार्टर्सवर कागदी तारे लागले. आमच्याकडे ना तारा लागला, ना करंज्यांसाठी खोबरं किसलं गेलं.

नाताळच्या सकाळी बाई दवाखान्यात जायला निघाल्या आणि मला म्हणाल्या, तू चर्चला जाऊन ये, घरातलं कोणीतरी जायला हवं. मी गेले, पण मागच्या बाकावर दगडासारखी बसून राहिले. पाळकसाहेबांनी बाबांसाठी प्रार्थना केली तेव्हा लोकांनी वळून पाहिलं, त्याचाही मला राग आला. उपासना संपताच कोणाशी हात न मिळवता मी बस पकडली.

दवाखान्याच्या व्हरांड्यातच मला ते गाणं ऐकू आलं. बाईंचा आवाज बेताचाच, शाळेत कविता म्हणवून घेतात तसा. पण त्याच्याखाली दुसरा आवाज होता, आणि तो बाबांचा होता. ज्यांना तीन आठवडे पाणी हा शब्द म्हणता आला नव्हता, ते मेंढपाळांचं गाणं शब्दांसकट गात होते. शब्द जड येत होते, मधले काही गळत होते, पण चाल पक्की होती. वॉर्डातली माणसं उठून बसली होती. नर्स हातातलं काम थांबवून उभी होती. बाईंच्या मांडीवर निळी वही उघडी होती.

मला आनंद व्हायला हवा होता. आज इतक्या वर्षांनी तो होतो, तेव्हा झाला नाही. मला फक्त वही दिसली. मी पलंगाशी गेले आणि म्हणाले, "ती वही माझ्या आईची आहे. तुम्ही हात कसा लावलात?"

बाईंनी गाणं थांबवलं. त्यांच्या पाठोपाठ बाबाही थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, डावा हात चादरीवरून उचलून काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, आणि पुन्हा तोच घोगरा आवाज निघाला. बाईंनी वही मिटून माझ्या हातात दिली, पदर सावरला आणि बाबांचं पाणी बदलायला उठल्या.

पुढच्या दोन-तीन दिवसांत मी काय करून बसले ते माझं मलाच कळलं. मी वही घेऊन बाबांजवळ बसले, आईने टिंबं दिली होती तिथे श्वास घेत गायले. त्यांनी डोळे मिटून घेतले. पुन्हा सुरू केलं की ते मान हलवून नको म्हणायचे. डॉक्टर म्हणाले, अशा आजारात कधी कधी गाणं शाबूत राहतं, रोज गाऊन घ्या, त्यातून बोलणंही परत येऊ शकतं. मी रोज गात राहिले. ते पुन्हा गायले नाहीत.

वर्षाच्या पहिल्या सकाळी प्रभुभोजन होतं, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी. बाबांजवळ कारखान्यातले एक मित्र बसले होते, म्हणून बाई आणि मी एकत्र चर्चला गेलो. पापांगीकाराची प्रार्थना सुरू झाली. लहानपणापासून पाठ असलेली, इतकी की म्हणताना कधी अर्थाकडे लक्ष जायचं नाही. त्या दिवशी सगळ्यांबरोबर मोठ्याने म्हणताना माझा आवाज फुटला. एवढ्या माणसांनी एका सुरात आपण चुकलो म्हणणं, त्यात माझंही एक चुकणं असणं, याचा मला आधार वाटला. ते लपवून ठेवायची गरज नव्हती. पण मग पाळकसाहेबांनी, ज्यांचा आपल्या माणसांशी समेट आहे त्यांनी पुढे यावं, असं म्हटलं, आणि माझे पाय उचलेनात.

आमच्या रांगेतले सगळे पुढे गेले. बाई मात्र माझ्याजवळच थांबल्या. पुढे बघतच हळू म्हणाल्या, "वही त्यांनीच दिली होती, दिवाळीच्या आधी. म्हणाले, शिकून घे, नाताळला पोरीला ऐकायला मिळेल."

मी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"चल," त्या म्हणाल्या. "मीही काही अगदी निर्दोष होऊन निघालेली नाही."

आम्ही दोघी शेवटी गेलो. गुडघे टेकले तेव्हा त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता, आणि मी माझा सरकवला नाही. क्षमा मिळाली की नाही हे त्या वेळी कळलं नाही. पण मागितलेली कोणीतरी ऐकली, एवढं नक्की कळलं. त्या महिन्यात मी तेवढ्यावर उभी होते.

बाबा फेब्रुवारीत गेले. क्वार्टर सोडावं लागलं. बाईंना नगरला भाऊ होते, ते न्यायला आले होते. पोरीचं शिक्षण होऊ दे, मग बघू, असं सांगून बाईंनी त्यांना परत पाठवलं. त्यानंतर बाई एकवीस वर्षं माझ्याबरोबर राहिल्या. माझं लग्न त्यांनी केलं, माझी मुलं त्यांनी वाढवली.

त्या नाताळबद्दल आम्ही कधी बोललो नाही. एकदा, त्या बऱ्याच थकल्यावर, मी विषय काढला होता. म्हटलं, दवाखान्यात मी त्या दिवशी जे बोलले... त्यांनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. गॅसवर दूध आहे, बघून ये, म्हणाल्या. मी उठून बघून आले. परत आले तेव्हा त्यांनी पवित्र शास्त्र उघडून वाचायला घेतलं होतं, आणि मी पुन्हा विषय काढायला हवा होता, तो काढला नाही.