मंजुळाकाकीची फोर बाय फोर

मोठागावच्या रेतीबंदरावर पूर्वी होडी वर काढायची म्हटलं की अख्खा कोळीवाडा लागायचा. होडीखाली लाकडी ओंडके सारायचे, पुढे दोरखंड बांधायचा आणि बाया-माणसांनी एका सुरात ओढायचं. पुढे पोरं कंपन्यांमध्ये कामाला लागली, कुणी ठाण्याला बिऱ्हाड केलं, आणि पावसाळ्याआधी होड्या दुरुस्तीसाठी वर घ्यायच्या वेळी दोराला हात कमी पडायला लागले. तेव्हा मंजुळाकाकीने गाडी आणली.

गाडी म्हणजे जुनी डबल केबिनची पिकअप. खडवलीच्या एका फार्महाऊसवाल्याने विकायला काढलेली. तिच्यात गिअरच्या शेजारी एक गोल बटण होतं. ते फिरवलं की चारही चाकांना जोर मिळायचा आणि गाडी चिखलात बसलेली होडी गाईला दावं धरून आणावं तशी वर घेऊन यायची. सकाळी काकी त्याच गाडीतून मासळी डोंबिवलीच्या बाजारात न्यायची. चाळिशी उलटल्यावर ती ड्रायव्हिंग शिकलेली. पहिल्या वर्षी बंदरावर बसलेले म्हातारे हसायचे. दुसऱ्या वर्षी तेच म्हातारे तिची वाट बघत बसायला लागले.

तिचा नवरा, धाकूकाका, खाडीतला जुना माणूस. भरती-ओहोटी त्याला हवेच्या वासावरून कळायची. तो होडीला दोर बांधायचा, ती गाडी चालवायची. दोघांचं काम असं वाटून गेलेलं.

या वर्षी एप्रिल संपत आला आणि गाडीने दगा दिला. उतारावर होडी अर्धी वर आलेली असताना बटणावरचा दिवा नुसता लुकलुकायला लागला. पुढची चाकं मेल्यासारखी थांबली, मागची जागेवरच गरगरत चिखलात रुतली. होडी घसरून पुन्हा खाली गेली. कुणाला लागलं नाही, पण सगळ्यांच्या देखत झालं. काकीचा पुतण्या जयेश तिथेच उभा होता. त्याची स्वतःची नवीन होडी, नवीन इंजिन, तोंडही जरा नवीनच. तो म्हणाला, "काकी, आता हिला भंगारात देऊन टाक. पुढच्या वेळी मी ट्रॅक्टर बोलावतो."

काकीने चार माणसं लावून गाडी चिखलातून काढली. घरी जाऊन तिने अंगावरचा चिखल धुतला आणि तशीच गाडी घेऊन शहाडला निघाली.

शहाडच्या पुलापलीकडे कमलेशचं गॅरेज आहे. कमलेश म्हणजे मोहन्याचा आगरी पोरगा, आयटीआय झालेला, गाड्यांच्या वायरिंगचं काम त्याच्याइतकं मन लावून आमच्या भागात कुणी करत नाही. त्याने बिघाड तपासायचं मशीन लावून बघितलं आणि सांगितलं की पुढच्या चाकांकडे जोर वळवणारी जी मोटर असते ती अडकतेय. मोटर बदलली. गाडी चालली. काकी खुशीत घरी आली, आणि दोन-तीन दिवसांत दिवा पुन्हा लुकलुकला.

गावात कुजबुज सुरू झाली. धाकूकाकासुद्धा म्हणाला की राहू दे, इतकी वर्षं हातांनीच ओढल्या ना होड्या. काकीला त्या रात्री जेवण गेलं नाही. गाडी बंद पडल्याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त लागलं ते हे, की सगळ्यांना आतून बरं वाटतंय असं तिला वाटत होतं. बाई गाडी चालवते ना, मग बघा काय झालं, असं.

पण ती रडत बसणारी नव्हे. तिने गाडीवर पाळत ठेवली, जाळ्यात कुठून मासळी निसटते ते बघावं तशी. सकाळी बाजारातून आल्यावर बटण फिरवलं की दिवा लुकलुकायचा. दुपारभर गाडी उन्हात उभी राहिली की संध्याकाळी सगळं नीट चालायचं. ज्या दिवशी तिने मासळी नेली नाही त्या दिवशी सकाळीसुद्धा काही झालं नाही.

हे तिने कमलेशला सांगितलं. तो हातातला पाना ठेवून ऐकत राहिला.

"काकी, मासळी गाडीत ठेवता कुठे तुम्ही?"

"मागे ऊन लागतं रे. बर्फाचा खोका मी पुढे ठेवते, डाव्या सीटच्या पायाशी."

कमलेश वाकला आणि डाव्या दाराजवळ, पायाच्या बाजूचं प्लास्टिकचं झाकण उचकटलं. आत हाताच्या पंजाएवढा एक काळा डबा होता. चाकांना जोर कधी द्यायचा, कधी काढायचा, हे मोटरला सांगणारं मॉड्यूल ते हेच. त्याच्या सॉकेटवर हिरवट-पांढरा गंज चढलेला, आणि डब्याच्या खालच्या फटीतून मिठाचा थर बाहेर आलेला. गाडी उतारावर कलली की खोक्यातलं खारं पाणी रोज थोडं थोडं तिथे जात होतं.

काकी ते बघून मोठ्याने हसली. म्हणाली, "म्हणजे माझ्याच मासळीने माझी गाडी खाल्ली."

कमलेशनेही मान्य केलं की मोटर बदलायची घाई त्याने केली, आधी हे उघडायला हवं होतं. त्याने डबा उघडून दाखवला. आतली सर्किटची पट्टी दोन जागी जळली होती. पुसून, वाळवून भागण्यासारखं राहिलं नव्हतं. बदलावंच लागणार होतं, आणि कंपनीने तो पार्ट बनवणं कधीच बंद केलेलं. दिसायला सारखा दुसरा चालत नाही, मागचा नंबर तंतोतंत जुळावा लागतो. कमलेशने फोनवर फोन केले. भिवंडी, वाशी, पुणे, कुठेच नाही. शेवटी नाशिकच्या एका जुन्या दुकानदाराकडे सीलबंद पडलेलं एक सापडलं.

ते आलं तेव्हा काकीने सांगितलं की बसवायचं तिला स्वतःला आहे. तिची गाडी रोज खाऱ्या पाण्यात असते, उद्या पुन्हा काही झालं तर उघडायचं कसं ते तिला यायला हवं. कमलेश बाजूला स्टुलावर बसून सांगत गेला. तिने आधी बॅटरीची काळी वायर सोडली. मग सॉकेटची खिटी अंगठ्याने दाबून अलगद ओढली, सॉकेट स्प्रेने धुऊन ब्रशने एकेक पिन घासली, इतकी की पितळ चमकायला लागलं. जुना डबा निघाला, नवीन बसणार, इतक्यात ती थांबली. तिने विचारलं, "हा वर नाय बसवता येणार? पाणी पोचणार नाय अशा जागी?"

कमलेशने वायर ओढून पाहिली. पुरत होती. डाव्या सीटसमोरच्या ग्लोव्ह बॉक्सच्या मागे पत्र्याची छोटी पट्टी ठोकून त्यांनी मॉड्यूल तिथे उंचावर बसवलं, सॉकेटवर रबराची टोपी चढवली. मग बॅटरी पुन्हा जोडून, मशीन लावून कमलेशने नव्या डब्याला गाडीची ओळख करून दिली, आणि काकीला म्हणाला की न्यूट्रलवर ठेवून, ब्रेक दाबून बटण सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, म्हणजे मोटरच्या जागा तो शिकून घेईल. काकीने फिरवलं. दिवा लुकलुकला. गाडीच्या पोटातून टक्क असा दणकट आवाज आला आणि दिवा स्थिर झाला.

तेवढ्यात धाकूकाकाचा फोन आला. जयेशची होडी खाडीत जुन्या लोखंडी खांबावर आदळली होती, खालची फळी फुटली होती. ओहोटीच्या जोरावर कशीबशी बंदराच्या चिखलापर्यंत आणली, ट्रॅक्टर बोलावला, तर ट्रॅक्टरच चिखलात बसला. आता भरती सुरू झाली होती. पाणी आलं की होडी भरणार आणि इंजिन जाणार.

शहाडवरून ती कशी आली ते तिलाच माहीत. बंदरावर पोचली तेव्हा सगळं गाव काठावर उभं होतं. जयेश कमरेएवढ्या चिखलात उभा राहून बादलीने पाणी उपसत होता. त्याने वर बघितलं आणि पुन्हा बादली बुडवली.

काकीने गाडी उलटी वळवून उतारावर जिथे जमीन जरा घट्ट होती तिथे आणली. धाकूकाका दोर घेऊन चिखलात उतरला, होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, गाठ मारली आणि दुसरं टोक गाडीच्या हुकात अडकवलं. मग त्याने हात वर केला. तिने बटण शेवटच्या टोकाला फिरवलं. टक्क. दिवा स्थिर.

पहिल्या गिअरवर तिने क्लच हळूच सोडला. दोर ताणला गेला. चाकांनी चिखल उडवला, काठावरचे लोक मागे सरले. गाडी एक वीतभर पुढे गेली आणि थांबली. तिने घाई केली नाही, पाय होता तितकाच ठेवला. पुढची चाकं हळूहळू चिखलाखालच्या खडीपर्यंत पोचली, त्यांना धर मिळाला. मागे होडी चिखलातून सुटल्याचा ओला आवाज झाला, आणि मग ती यायला लागली. बंदरावर एकदम ओरडा उठला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. एरवी दोराला हात न लावणारे लोकही होडीच्या दोन्ही अंगांना धावले आणि तिला सरळ धरत वर चालत आले. होडी कोरड्या जमिनीवर टेकली तेव्हा तिची मघाची जागा पाण्याखाली गेलेली होती.

काकीने लगेच गाडी फिरवली आणि ट्रॅक्टरही काढून दिला. ट्रॅक्टरवाल्याने उतरून तिला हात जोडले.

जयेश चिखलाने माखलेला समोर येऊन उभा राहिला. म्हणाला, "काकी, मी बोललो ते चुकलं."

"होडीची फळी आधी बघ," ती म्हणाली. "इंजिन कोरडं आहे ना?"

त्याने मान डोलावली आणि फळी बघायला वळला. धाकूकाकाने गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला, म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा, आणि जमलेल्या लोकांकडे अशा नजरेने पाहिलं, जणू ती गाडी त्यानेच जन्माला घातली असावी.

गर्दी पांगायला लागली तशी मंजुळाकाकीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "उद्या ओहोटी सकाळीच आहे. कोणाकोणाची होडी काढायचीय ते आत्ताच बोला. मग माझ्या नावाने ओरडायचं नाय."

एकामागून एक हात वर झाले.