मुंगवड्या आणि एस्केपचं बटण

सत्यशीला निमगडे टाइप करायला बसली की टाइपरायटरकडे कधीच बघत नसे. नजर शेजारच्या कागदावर, पाठ ताठ, आणि बोटं आपली धावताहेत. ब्रह्मपुरीच्या ज्या टायपिंग क्लासात ती शिकली तिथले सर मुलींच्या हातांवर टॉवेल पांघरायचे. "नजर कागदावर, कान घंटीवर," एवढाच त्यांचा धडा. ओळ संपत आली की टाइपरायटरची घंटी वाजते. ती ऐकली की हातातला शब्द पुरा करायचा, दांडी सरकवायची आणि पुढच्या ओळीला लागायचं. हे तिच्या अंगात इतकं भिनलं होतं की आमच्या कुकरची शिट्टी झाली तरी तिचा डावा हात हवेत जाई.

ती आमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायची. बांबूचा व्यापार करणाऱ्या एका कंपनीच्या चंद्रपूरच्या ऑफिसात टायपिस्ट होती. नवरा, श्रावण, ब्रह्मपुरीला शाळामास्तर. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि संसार फक्त रविवारी चालायचा. शनिवारी संध्याकाळी एक तर तो एस.टी.तून उतरायचा, नाही तर ही चढायची. रविवारी मागच्या खोलीतून हसण्याचे आवाज यायला लागले की मी आपला रेडिओ मोठा करायची.

अठ्ठ्याऐंशीच्या मार्चात तिच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला. मोठं यंत्र आतल्या थंड खोलीत, आणि बाहेर टेबलावर पडदा नि बटणं असलेलं टर्मिनल. पत्रं यापुढे त्यावरच लिहायची. महिनाअखेर नागपूरहून इंजिनीअर परीक्षा घेणार होता. पास झाली तर चंद्रपूर, नाही तर तिने आपला टाइपरायटर घेऊन कंपनीच्या अहेरीच्या बांबू डेपोवर जायचं. अहेरीहून ब्रह्मपुरीला पोचेपर्यंतच रविवार संपला असता, आणि पावसाळ्यात नाले भरले की तेवढंही नाही.

पहिल्याच दिवशी ती रडवेली होऊन माझ्या ओट्याशी येऊन उभी राहिली.

"बाई, मी पत्र टाइप केलं. 'डिअर सर' लिहिलं. अन् पडद्यावर निस्तं 'र सर'! वामनराव हेडक्लार्क म्हणते, निमगडेबाई, सायबाचं मुंडकंच उडवलं तुमी."

"मग तुला कळलं नाही लिहिताना?"

"कशी कळन? मी तं कागदात पाहून राह्यली होती ना! घंटी वाजली, मले वाटलं ओळ झाली. मी पुढची ओळ घेतली."

इंजिनीअरने दिलेली इंग्रजी पानं तिने माझ्यापुढे ठेवली. लग्न झाल्यापासून माझ्या बी.ए.ला कोणी काही विचारलं नव्हतं, म्हणून मी भाजी बाजूला सारून वाचायलाच बसले. व्हीआय नावाचा तो लिहायचा प्रोग्राम, आणि त्याचा खाक्या भलताच. तेच बटण कधी अक्षर, कधी हुकूम. आधी आय दाबलं तर पुढचं सगळं अक्षर म्हणून पडद्यावर उमटतं. एस्केप दाबलं की पुढचं सगळं हुकूम. एच डावीकडे, जे खाली, के वर, एल उजवीकडे. एक्स म्हणजे एक अक्षर उडव, डी दोनदा म्हणजे अख्खी ओळ उडव. सत्यशीलेने आय न दाबताच पत्राला सुरुवात केली होती. पहिली अक्षरं त्या मशीनने हुकूम म्हणून घेतली, आणि जो हुकूम पाळता आला नाही तिथे घंटी वाजवली. त्यातलं ए म्हणजेही 'लिहायला लाग', म्हणून पुढचं 'र सर' तेवढं उमटलं.

"अगं, ही घंटी ओळ संपल्याची नाही. मशीन सांगतंय, बाई, मला कळलं नाही."

"हात मेल्या!" सत्यशीला मशीनला म्हणाली. "मंग तोंडानं सांग ना."

आणखी एक गोष्ट मला त्या पानांत सापडली. यू दाबलं की झालेली चूक परत फिरते, पण फक्त शेवटचीच. पुढे दुसरं काही करून बसलं की आधीचं गेलं. म्हणजे चुकल्याबरोबर थांबायला हवं. आणि सत्यशीलेला थांबणं तेवढं कोणी शिकवलं नव्हतं.

ऑफिसात मशीनवर तिला जेवणाच्या सुट्टीतच बसता येई. उरलेला सराव कुठे करायचा? माझ्या मुंगवड्या चालू होत्या. मुगाची डाळ वाटून जुन्या धोतरावर वड्यांच्या ओळी घातल्या होत्या, गच्चीवर उन्हात. आदल्या दिवशीच्या वड्या वरून वाळल्या होत्या, उचलता येत होत्या. मी म्हटलं, हा बघ तुझा पडदा. ओळीला ओळ, वडीला अक्षर. माझ्या हातातली लाल बांगडी काढून एका वडीभोवती ठेवली: "तू आत्ता इथे आहेस." मशीन मीच झाले. हातात स्टीलची वाटी नि चमचा.

सकाळी ऑफिसला जायच्या आधी तास बसायचा. ती पाटावर खडूने बटणं काढून बोटं आपटायची आणि तोंडाने बोलायची. "जे, जे, एल." मी बांगडी दोन ओळी खाली, एक वडी उजवीकडे. "एक्स." मी एक वडी उचलली. आय न म्हणता पत्र वाचायला लागली की ठण्ण! चमचा वाटीवर.

पलीकडच्या गच्चीवर जैनबआपा कपडे वाळत घालत होत्या. "ये क्या वं बाई, वड्यांची कवायत घेऊन राह्यले का तुमी?"

"आपा, मी नोकरी वाचवून राह्यली," सत्यशीला म्हणाली.

चार-पाच दिवसांत घंटीचं जमलं. ठण्ण झालं की हात दांडीकडे न जाता थांबायला लागला. पण त्यातही फट होतीच. काही अक्षरं मशीनला हुकूम म्हणून नीट कळतात. तेव्हा घंटी वाजत नाही, ते मुकाट्याने भलतंच करून बसतं. मी तेच केलं. ती आय विसरली, तोंडातून डी-डी गेलं, मी एक शब्द न बोलता वड्यांची पुरी ओळ उचलून ताटात घेतली. ती कागदात डोकं घालून पुढे चाललीच.

तेवढ्यात कठड्यावरून कावळा उतरला. ऐटीत वरच्या ओळीत शिरला.

"अगे ओ टायपिष्टबाई!" जैनबआपा ओरडल्या. "तेरी आधी चिठ्ठी कौआ खा गया!"

सत्यशीला दचकून उठली, "हूश! हूश!" करत धावली. मग माझ्याकडे वळली. "बाई, तुमी समोर बसल्या अन् हाकलला काऊन नाई?"

"मी मशीन आहे," मी म्हटलं. "मशीन कावळे हाकलत नाही. आणि ती अख्खी ओळ मी कधी उचलली, पाहिलंस?"

तिने ताटाकडे पाहिलं. मग वड्यांकडे. 

"तुला वड्या राखता येतात ना?" मी विचारलं.

"लहानपणापासून. आई तं मलेच बसवायची, काठी देऊन."

"तेव्हा काय करायचीस? डोळे मिटून बसायचीस?"

"नाई जी. खेळत बशे, पण घडीघडीला मान वर. नाई तं कावळा सोडते का?"

झालं. दुसऱ्या दिवसापासून तिने पाट उचलून धोतराला लागून ठेवला. दोन-चार शब्द झाले की मान वर, वड्यांवर एक नजर, पुन्हा कागद. सुरुवातीला फार चिडायची, बोटांचा वेग मोडतो म्हणून. "माया टायपिंगच्या सरानं पाह्यलं तं क्लासातून काढते मले." पण मान वर जायला लागली. कावळ्याने त्या आठवड्यात बरंच शिकवलं, आणि फीही घेतली. माझा वड्यांचा डबा निम्म्यावर आला.

परीक्षेच्या दिवशी ती दुपारीच घरी आली. चप्पल न काढता सरळ स्वयंपाकघरात. मी तोंडाकडे बघत राहिले, काही कळेना.

"आधी पाणी द्या," म्हणाली. अर्धा तांब्या प्यायली आणि मग सांगायला लागली.

इंजिनीअर बाजूला खुर्ची घेऊन बसला होता, मागे वामनराव. मशीनमधल्या एका पत्रात दुरुस्त्या करायच्या होत्या. एक ओळ उडवली, एक खालची वर नेली, सगळं ठीक. मग मधल्या जागी 'गोडाऊन' असा शब्द घालायचा होता. नेमका फोन वाजला, वामनराव मोठ्याने हॅलो हॅलो करायला लागले, आणि ही आय विसरली. बोटांनी गोडाऊनचं इंग्रजी स्पेलिंग टाइप केलं. पहिल्या अक्षराला मशीन उडी मारून पत्राच्या तळाशी गेलं, दुसऱ्याला तिथे नवी ओळ उघडली, आणि त्या ओळीवर उरलेला 'डाऊन' लिहून मोकळं झालं. घंटी नाही की काही नाही.

"मंग?"

"मंग काय, मान वर गेली. पाह्यतो तं खाली तो 'डाऊन' बसून, कावळ्यासारखा. अन् बाई, माया तोंडातून निंगालं."

"काय निघालं?"

"हूश!"

मी हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"जोरात?"

"लय जोरात. फोनवरचे वामनरावही चूप. इंजिनीअर म्हणते, 'किसको भगा रही हो, मॅडम?' मी तं आधी एस्केप दाबलं, यू दाबलं. 'डाऊन' गेला. के-के-के करत वरती आली, आय दाबलं अन् शब्द बरोबर जागी घातला. मंग पत्र जमा केलं."

"आणि तो काय म्हणाला?"

"म्हणते, चूक तं सगळेच करतेत. पण दुसरी करायच्या आधी थांबणारं माणूस पायजे मले." तिने तांब्यातलं उरलेलं पाणी संपवलं. "वामनराव म्हणाले, बाई राह्यली, कावळा गेला."

"त्यांना काय माहीत कावळ्याचं?"

"मीच सांगितलं मंग. सांगा लागलं ना! नाई तं येडी म्हटलं असतं मले."

पुढच्या आठवड्यात तिचा जुना टाइपरायटर गोणपाटात बांधून एस.टी.च्या टपावर चढला आणि एकटाच अहेरीला गेला. ती त्याला पोचवायला स्टँडवर गेली होती. येताना म्हणे डोळ्यांत पाणी आलं. दहा बोटांचं माहेर होतं ते.

त्याच शनिवारी श्रावण आला. उरलेल्या मुंगवड्या मी वाटीभर तिला दिल्या, भाजीला. रविवारी सकाळी मागच्या खोलीतून आधी तिचं काहीतरी जोरजोरात सांगणं ऐकू आलं, मग एक खणखणीत "हूश!", आणि त्यावर श्रावणमास्तरांचं हसू थांबेचना.

मी उठून रेडिओ मोठा केला.